पहिलं पॉइंट टू-टू पिस्तूल घेताना

एअर पिस्तुलावरून पॉइंट टू-टूवर, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या पिस्तुलावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न कंपनीचा येतो. पार्डिनी घेऊ, वॉल्थर घेऊ, की मोरिनी? माझ्या मते हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरला यायला हवा. त्याआधी मूठ, ट्रिगर, साइट (नेम धरायची माशी आणि खाच) आणि गोळ्यांचा खर्च या चार गोष्टी पक्क्या केल्या, तर कंपनीचं नाव जवळजवळ आपोआप ठरतं आणि बरेच पैसे वाचतात.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर नाहीतर डायल, अशी बारीक मापं घेणारी साधनं असतात. नेमबाजी मी तिशी उलटल्यावर सुरू केली. आधी १० मीटर एअर पिस्तूल, मग २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल. रेंजवरच्या मुली मला ताई म्हणतात आणि त्यांचे आईवडील खरेदीआधी एकदा विचारून जातात. हे लिहायला निमित्त झालं ते दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचं. पोरगी बावीस वर्षांची, एअर पिस्तुलात राज्य पातळीपर्यंत गेलेली. ते म्हणाले, "ताई, यंदा माल बरा गेलाय. दोन-अडीच लाख काढून ठेवलेत. पण मागच्या दोन वर्षांत अवकाळीनं काय केलं ते तुम्हाला माहितीय. हे पैसे एकदाच निघणार. कुठलं घेऊ?" त्यांना रेंजवर उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं, त्यापेक्षा सविस्तर इथे लिहिते आहे.

आधी खेळाची मापं. २५ मीटर पिस्तूल ६० गोळ्यांचं असतं. पहिल्या ३० प्रिसिजनच्या, पाच-पाचच्या सिरीज, प्रत्येकीला ५ मिनिटं. उरलेल्या ३० रॅपिडच्या. हात ४५ अंशात खाली, टार्गेट ३ सेकंद दिसणार, तेवढ्यात हात वर आणून एकच गोळी मारायची, मग ७ सेकंदांनी पुन्हा. पिस्तूल ५.६ मिलिमीटर बोअरचं, म्हणजे पॉइंट टू-टू लाँग रायफल. वजन १४०० ग्रॅमच्या आत, बॅरल १५३ मिलिमीटरच्या आत, पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर २२० मिलिमीटरच्या आत, ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा. आणि अख्खं पिस्तूल मुठीसकट ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. दुकानात 'टार्गेट पिस्तूल' म्हणून दाखवलेली प्रत्येक वस्तू यात बसत नाही. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ हे १९५७ पासूनचं सुंदर, अचूक पिस्तूल आहे. पण त्याचं सात इंची बॅरल म्हणजे १७८ मिलिमीटर. आपल्या स्पर्धेला ते चालणार नाही. घ्यायचंच तर साडेपाच इंची घ्यावं लागेल.

अचूकतेचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. टेकण देऊन, योग्य गोळी घालून मारलं तर बऱ्या अवस्थेतलं कुठलंही मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेलं पिस्तूल, २५ मीटरवर त्याच्या निम्म्या जागेत ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) देतं. अनेक पिस्तुलं त्याहूनही लहान देतात. म्हणजे पिस्तुलाने आपल्याला दहा आधीच देऊन ठेवलेला असतो. २० मिलिमीटरचा ग्रुप १५ वर आणण्यासाठी लाखभर जास्त मोजले, तर नव्या नेमबाजाच्या स्कोअरमध्ये ते दिसणार नाहीत.

स्कोअरमध्ये काय दिसतं? माशी आणि खाच यांतलं अंतर २२० मिलिमीटर, टार्गेट २५ हजार मिलिमीटरवर. माशी खाचेत दशांश मिलिमीटर सरकली, तर गोळी टार्गेटवर ११ मिलिमीटरहून जास्त सरकते. आता मागची साइटच जर तिच्या खोबणीत ०.१ मिलिमीटर हलत असेल, तर तुम्ही काहीही न चुकता गोळी अकरा मिलिमीटर इकडे-तिकडे जाणार. जुनं पिस्तूल बघायला मी डायल घेऊन जाते ती याचसाठी. डायलचा पॉइंट साइटच्या कडेला लावायचा, बोटाने हलकं ढकलायचं, काटा किती हलतो ते बघायचं. ०.०२ च्या आत असेल तर मी समाधानी. विकणारे लोक बॅरलचं कौतुक करत असतात, साइटचा ढिलेपणा बहुतेकांनी कधी मोजलेलाच नसतो.

बॅरलच्या लांबीबद्दलही एक समज घट्ट आहे, जितकं लांब तितकं अचूक. वॉल्थर जीएसपी १९६८ पासून जगभर वापरात आहे आणि त्याचं बॅरल जेमतेम १०७ मिलिमीटरचं. पार्डिनी एसपीचं १२०. या दोन पिस्तुलांनी जिंकलेली पदकं मोजत बसायची गरज नाही. लांबी बघू नका. बॅरलच्या तोंडाची कड बघा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बघा.

आता मूठ. बागायतदार दादांचा मी सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घेतला. आपल्याकडे बाजारात येणारी वापरलेली पिस्तुलं बहुधा पुरुषांच्या हातातून आलेली असतात. मूठ मोठी, एल मापाची. मुलीचा पंजा त्यात पोकळ बसतो. मग ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून ती नकळत अख्खा हात फिरवते, आणि बोट ट्रिगर सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतं. गोळ्या एकाच बाजूला जायला लागतात. घरचे म्हणतात पिस्तूल वाकडं मारतंय, कोच म्हणतात झटका देतेस, आणि मूळ दोष लाकडात असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची स्वतः खात्री करायची, समोर सुरक्षित भिंत घ्यायची. मूठ धरायची, डोळे मिटायचे, हात उचलून रोखायचं, दोन श्वास थांबायचं, डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मध्ये, वरची कड समपातळीत दिसली तर मूठ तुमची. दरवेळी माशी डावीकडेच सापडली किंवा दरवेळी खाली गेलेली सापडली, तर मूठ बदलायची किंवा घडवायची. आमच्या रेंजवरचे सर तोफखान्यातून निवृत्त झालेले आहेत. ते हे काम कानस, पॉलिश पेपर आणि एम-सील यांवर करतात. आधी तळव्याच्या फुगवट्याशी थोडं एम-सील लावायचं, ओलं असताना हाताचा ठसा घ्यायचा, सुकलं की घासायचं. आठ दिवस मारून बघायचं आणि पुन्हा घासायचं. फार सुंदर दिसत नाही, पण बसतं. जर्मनीतले रिंक किंवा नील यांच्याकडून पंजाच्या मापाने मूठ मागवता येते. पण आधी एम-सीलने आपल्याला नेमकं काय हवंय ते कळू द्यावं, मग मागवावी. घडवताना नियमही लक्षात ठेवा. २५ मीटरच्या मुठीने मनगटाला आधार देता कामा नये आणि पेटीचं माप ओलांडता कामा नये.

ट्रिगरला मी मुठीच्या खालोखाल मानते. १००० ग्रॅम म्हणजे एअर पिस्तुलाच्या ५०० च्या दुप्पट, म्हणून एअरवरून आलेल्या मुलींना सुरुवातीला हा ट्रिगर दगडासारखा वाटतो. त्यावर उपाय आहे. चांगला मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात सात-आठशे ग्रॅम घेऊन टाकायचे आणि शेवटचे दोन-अडीचशेच भिंतीपाशी, म्हणजे बोट अडतं आणि पुढे ट्रिगर सुटतो त्या जागी, ठेवायचे. एकूण वजन नियमात राहतं आणि सुटताना बोटाला हलकं लागतं. हे टप्पे वेगवेगळे लावता येतात का, हा विकणाऱ्याला विचारायचा खरा प्रश्न. साध्या मनोरंजनाच्या पिस्तुलांमध्ये, म्हणजे रुगर मार्क मालिकेत किंवा ब्राउनिंग बकमार्कमध्ये, बॅरल छान असतं, किंमत अमेरिकेत पाच-सहाशे डॉलरच्या आसपास असते, पण मूळ ट्रिगर एवढा लावता येत नाही. तिथले लोक बाहेरचे सुटे भाग टाकून तो सुधारतात. आपल्याकडे ते भाग आणणं म्हणजे पुन्हा कागदपत्रं आणि पुन्हा वाट बघणं.

वजन तपासायला १००० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल नळी वर करून सरळ उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. स्पर्धेत हेच करतात. ट्रिगर अगदी १००० वर आणून ठेवू नका. थंडीत, धुळीने, स्प्रिंग बसल्याने दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे होतात, आणि कंट्रोलच्या टेबलावर, म्हणजे स्पर्धेत शस्त्र तपासतात तिथे, पिस्तूल नापास झालं की मुलीचं डोकं त्या दिवशी परत ठिकाणावर येत नाही.

वापरलेलं पिस्तूल बघताना मी चेंबरपासून सुरुवात करते. रिमफायर काडतुसात ठिणगीचं द्रव्य कडेच्या घडीत असतं, म्हणून फायरिंग पिन कडेवर मारते. काडतूस नसताना कोणी खटाखट ट्रिगर ओढत बसला, तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खळगा पडतो, धातू आत ढकलला जातो. मग काडतूस पूर्ण बसत नाही, पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच) अडकते. भिंग लावून चेंबरच्या कडेवर पिन जिथे पडते तिथे बघा. मागे एक पिस्तूल बघायला गेले होते, बाहेरून आरशासारखं लखलखीत, डबा, पुस्तिका, सगळं मूळचं. चेंबरच्या कडेला नखाला लागेल एवढा खळगा होता. मालक प्रामाणिक माणूस होता, घरी कोरडा सराव करायचा, त्याला हे माहीतच नव्हतं. खळगा दुरुस्त होतो, पण करणारा माणूस सापडायला हवा. मी नको म्हटलं. कोरडा सराव हवाच, तो चेंबरमध्ये घालायच्या, त्यासाठीच्याच प्लगवर करावा.

दुसरं, पाच गोळ्या मारून पुंगळ्या गोळा करा आणि ओळीने ठेवा. कडेवरचे पिनचे ठसे सारख्या खोलीचे हवेत. एखादा उथळ असेल तर स्प्रिंग थकलीय किंवा पिन झिजलीय. पुंगळी कुठे फुगलेली नको. तिसरं, मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या त्याच्या वरच्या कडा. रॅपिडमध्ये अडकणाऱ्या पिस्तुलांपैकी बरीचशी मॅगझिनमुळेच अडकतात, आणि जुन्या पिस्तुलाबरोबर एकच मॅगझिन येत असेल तर किंमत तिथेच कमी करून मागा. चौथं, बफर. जीएसपीसारख्या पिस्तुलात मागे येणारा बोल्ट एका छोट्या बफरवर आदळतो. तो ठराविक काळाने बदलायचा असतो. कोणी बदललाच नाही तर धक्का धातूवर जातो आणि बॉडीला तडा जाऊ शकतो. म्हणून बफर काढायला लावा आणि त्याच्या मागची जागा टॉर्च मारून बघा. बॅरलच्या आतल्या झिजेची चिंता त्या मानाने कमी करा. शिशाची मऊ गोळी बॅरलला सहसा काही करत नाही. तोंडाच्या बाजूने लोखंडी गज घालून साफ करणारे हात मात्र कड खराब करतात, म्हणून कड सगळीकडून सारखी आहे ना ते भिंगाने बघा.

मग कंपनी. नवीन पार्डिनी एसपी युरोपातच दोन हजार युरोच्या घरात जातं, आणि आयातीची सवलत 'रिनाउन्ड शॉट', म्हणजे नामांकित नेमबाज, हा दर्जा मिळवलेल्यांना असते. हा दर्जा नसलेल्या मुलीसाठी खरा बाजार वापरलेल्या पिस्तुलांचाच. त्यात माझी पहिली पसंती सांभाळलेल्या वॉल्थर जीएसपीला. ट्रिगरचं युनिट अख्खं बाहेर निघतं, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असल्याने मूठ हवी तशी घडवता येते, आणि इतकी वर्षं बनल्याने हे पिस्तूल जाणणारी माणसं आहेत. ते पुढे जड आहे, ही तक्रार खरी आहे. काही मुलींना तोच जडपणा रोखायला आवडतो, काहींचा खांदा साठाव्या गोळीपर्यंत टिकत नाही. रशियन इझ-३५एम पैशाच्या मानाने विलक्षण अचूक आहे आणि मी ते मनापासून सुचवत असे. युक्रेन युद्धानंतर मात्र त्याचे सुटे भाग मिळण्याची मला खात्री वाटत नाही. सोबत दोन-तीन मॅगझिनं आणि जादा स्प्रिंगा येत असतील तरच घ्या. हॅमर्ली २०८ हातात घेतलं की सोडवत नाही, पण ते बनणं बंद झालेलं आहे. पहिल्या पिस्तुलासाठी मी ते घेणार नाही.

आणि गोळ्या. दादा पिस्तुलाचेच पैसे मोजत होते. मी त्यांच्यासमोर वहीत मांडलं. आठवड्यातून दोन सराव, प्रत्येकी ८० गोळ्या, वर्षाचे ५० आठवडे. झाल्या ८ हजार. गोळीला २० रुपये जरी धरले तरी १ लाख ६० हजार. हे दरवर्षी. म्हणजे अडीच लाखांचं पिस्तूल घेऊन गोळ्यांवाचून ते कपाटात ठेवण्यापेक्षा, सव्वा-दीड लाखात जुनं आणि उरलेल्यातून वर्षाच्या निम्म्याहून जास्त गोळ्या, यात पोरगी पुढे जाईल. मी हे बोलले तेव्हा ते बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे रोप एकदाच, औषधं दरवर्षी." तंतोतंत.

प्रत्येक बॅरलची एक आवडती गोळी असते, तीही शोधावी लागते. एली, एसके, आरडब्ल्यूएस या कंपन्यांची, खडकीच्या कारखान्याची देशी, यांतली जी मिळेल ती पन्नास-पन्नास घ्या. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, बॅरल पिशवीला लागू न देता, दहा-दहाचे ग्रुप मारा. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्या काही गोळ्या मोजू नका. टू-टूच्या गोळीला बाहेरून मेणासारखं वंगण असतं आणि बॅरलला नव्या वंगणाची सवय व्हायला थोड्या गोळ्या जातात. महागडी गोळीच जिंकेल असं नाही. सरावाला स्वस्तातली घ्या, पण ती न अडकणारी हवी. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची गोळी, मात्र मॅच पिस्तुलात घालूच नका. ही पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या धक्क्यासाठी बनवलेली असतात.

परवान्याचं थोडक्यात सांगते. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, टू-टूला लागतोच. नाशिक शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा, दिंडोरीसारख्या तालुक्यातल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात. एकवीस पूर्ण असल्याने या मुलीला स्वतःच्या नावावर मागता येतो. क्लबचं आणि संघटनेचं सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रं, घरात शस्त्र ठेवायच्या कुलूपबंद कपाटाची व्यवस्था, हे सगळं आधी तयार ठेवा. परवाना हातात येण्याआधी कुणालाही पिस्तुलाचा विसार देऊ नका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करायला सांगतात. नेमबाजांना सूट मागता येते, त्यासाठी संघटनेचं पत्र वेळेत घ्या, नाहीतर ऐन स्पर्धेच्या महिन्यात पिस्तूल ठाण्यात असेल. आणि नाशिकच्या पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या डब्यात बंद करून ठेवू नका. फोम ओल धरतो. तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून स्टीलच्या कपाटात ठेवा.

दादांनी मला आणखी एक विचारलं, की एवढं करून होतं का काही. मी त्यांना राही सरनोबत सांगितली, कोल्हापूरची, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. विजय कुमार सांगितला, लंडन २०१२, पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्य, तेही टू-टूवरच. स्वप्नील कुसाळे त्यांना माहीत होता. पॅरिसमध्ये २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलेल्या या मुलाची सुरुवातीची घडण आपल्या नाशिकात झाली, हे मी सांगितल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिला ते आधीच पाठ होतं.

त्यांचं सध्या एका जुन्या जीएसपीवर ठरत आलंय. चेंबर स्वच्छ आहे, साइटला डायलवर ०.०१ चीच हालचाल आली, मॅगझिनं दोन आहेत. मूठ एल मापाची आहे, ती सर घासून देणार आहेत. बफर मात्र पिवळा पडून कडेला तुटलाय. तो आणि फायरिंग पिनची स्प्रिंग विकणाऱ्याने बदलून द्यावी, नाहीतर तेवढी किंमत उतरवावी, एवढ्यावर बोलणं अडलंय. परवान्याचा अर्ज गेला आहे. तोवर पोरगी क्लबच्या पिस्तुलावर रॅपिडचा हात बसवते आहे.